म्हाळाचं मीठ

आमच्या घरात दोन आदोळ्या आहेत. आदोळी म्हणजे खाली बसून चिरायची विळी, टोकाला नारळ खवायचे दाते असलेली. एक मासळीची आणि एक शिवराक जेवणाची. शिवराक म्हणजे ज्याला मासळीचा वाससुद्धा लागलेला नाही असं. सोमवारी, संकष्टीला, देवाला आणि पितरांना चालणारं. मासळीच्या आदोळीवर खवलेला नारळ सोमवारच्या आमटीत पडला, तर ती आमटी आमच्याकडे मांजर खाईल, माणूस खाणार नाही. एवढं कडक ज्या घरात पाळतात त्या घरात मी जन्मलो, वाढलो, बापही झालो. पण त्यातली कुठली आदोळी कुठल्या कामाची हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. मला फक्त ताट ठाऊक होतं.

मग खाणी बंद पडल्या. तोपर्यंत मी पेडण्यातल्या आमच्या गावातून रोज पहाटे डिचोलीला जायचो, खाणीवर ट्रक भरायचो आणि जेटीवर नेऊन ओतायचो. आज सुरू होतील, उद्या सुरू होतील असं म्हणत मी वर्ष-दीड वर्ष घरी बसून काढलं. ट्रक अंगणात उभा राहिला आणि त्याच्या चाकांभोवती तायकिळा उगवला. बायकोने माझ्यासारखी वाट बघितली नाही. तिने तुयेच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. पहिल्या दिवशी चप्पल घालता घालता तिने मला एकच गोष्ट सांगितली.

“माका दोनय कामां जमाची नाय. रांदप तुमी बघा.”

मी हसलो. मला वाटलं, आठ दिवसांची गोष्ट आहे. गावात तर आणखी मजा झाली. आमच्याकडे देवळातल्या समाराधनेला पाचशे माणसांचं जेवण पुरुष रांधतात, उघड्या अंगाने, मोठ्या ऐटीत. त्यांना सगळे मान देतात. तोच पुरुष घरात दोन माणसांची आमटी करू लागला की तो बायलो. मला तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण सकाळी पावाच्या सायकलीचा भोंपू वाजला की पोदेराकडून पाव घ्यायला जमलेल्या बायका मला बघून पदर तोंडावर धरायच्या. ‘आज काय केलां?’ असं विचारायच्या. मी सांगायचो. न सांगून करतो काय?

आधी सगळं बिघडलं. आळसांद्यांचं तोंडाक, म्हणजे मोठ्या चवळीची नारळातली आमटी, करायला घेतलं तर आळसांदे भिजवायचे असतात हेच मला माहीत नव्हतं. तीन तास शिजवले तरी ते गोट्यांसारखे. अळूत आंबाडे घालायला विसरलो आणि दोघांचेही घसे संध्याकाळपर्यंत खाजत राहिले. तिरफळं आमटीत अख्खी टाकायची नसतात, नुसती ठेचून वरून सोडायची असतात, आणि जेवताना ती बाजूला काढायची असतात, चावायची नसतात, हे मी तोंड बधिर करून घेऊन शिकलो. मुगागाठीचे मूग मोड आल्यावर एकेक सोलावे लागतात. एकेक. मी ते पहिल्यांदा सोलायला बसलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि उठलो तेव्हा साडेअकरा. पाठ मोडून गेली. मुगागाठी मला फार आवडतात, महिन्यातून तीनदा तरी मी त्या मागायचो, आणि त्यातला एक मूग जरी सालासकट निघाला तरी तो उचलून ताटाच्या कडेला ठेवायचो, तिला दिसेल असा.

पण माणूस शिकतो. वर्षभरात माझा हात बसला. कांदा नारळाबरोबर किती भाजायचा, धणे कधी घालायचे, चिंच कुठे आणि आमसूल कुठे, हे मला न विचारता कळू लागलं. नीरफणसाची कापं मी आता अशी करतो की वरचा रवा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. ती तर नाहीच.

चार वर्षं झाली मी रांधतोय, या चार वर्षांत ती माझ्या जेवणाला बरं म्हणाली नाही आणि वाईटही म्हणाली नाही. बिघडलेलंही गप्प जेवली, जमलेलंही गप्प जेवली. डबा रोज रिकामा यायचा, विसळून. घरी असली की मी तिच्या समोर बसायचो आणि तिच्या तोंडाकडे बघायचो. ती ताटाकडे बघायची. एकदा न राहवून मी विचारलं, कशी झालीय आमटी? ती म्हणाली, “जाली मगे.” एवढंच. मग उठून ताट घासायला घेऊन गेली.

मला राग यायचा. खरं सांगतो, भयंकर राग यायचा. दिवसभर चुलीशी उभं राहावं, आणि समोरच्याने ते गवत खाल्ल्यासारखं खाऊन उठावं? एक शब्द बोलायला हिची जीभ झडते काय? असं मनात यायचं आणि मी भांडी आपटायचो. भांडी आपटली की बरं वाटतं, हेही मी स्वयंपाकघरातच शिकलो.

माझ्या चुलतभावाचं मांद्र्याला गेस्टहाऊस आहे. त्याचा आचारी गावी गेला म्हणून मी एकदा आठ दिवस तिथे रांधलं. दूध नको, तूप नको, अंडं नको, असले पाहुणे; त्यांना आमचं सोमवारचं जेवण आयतंच सापडलं. एका गोऱ्या बाईने खतखतं खाल्लं आणि डोळे मिटून बसून राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिने मला हात जोडले. मला वाटलं, नारळाच्या रसात शिजवलेल्या सुरण-मुळ्याला कुणी हात जोडावेत, आणि ज्या घरासाठी मी रोज खपतो तिथे मात्र काही नाही. घरी आल्यावर मी हे सगळं तिला रंगवून सांगितलं. ती कामावरून येऊन गरम पाण्यात पाय घालून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग थंयच रवा,” तिथेच राहा, एवढंच ती म्हणाली आणि पाय पुसू लागली.

तेव्हापासून मी मनाशी धरून बसलो की हिच्या तोंडून एकदा तरी ‘बरं झालंय’ वदवून घ्यायचं. वेडेपणा म्हणा. पण या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? ट्रक गेला, खाण गेली, उरली होती ती एवढीच हौस. यंदाच्या म्हाळाला मी म्हटलं, सगळं जेवण मीच करणार, तू कशाला हात लावू नकोस. ती म्हणाली, करा.

म्हाळ म्हणजे चवथीचा गणपती पोचवल्यावर भाद्रपदात जो पितरांचा पंधरवडा येतो, त्यातला आमच्या वडिलांचा दिवस. त्या दिवशीच्या जेवणाचे आमच्या घरात तीन नियम आहेत. पितरांच्या आधी कुणी चव घ्यायची नाही, रांधणाऱ्यानेही नाही. मीठ, तिखट, गूळ, सगळं डोळ्यांनी आणि वासाने. पानावर मीठ वेगळं वाढायचं नाही, कारण वरून मीठ मागणं म्हणजे पितरांच्या जेवणात खोट काढणं. आणि तिसरा, त्या जेवणाला नाव ठेवायचं नाही. म्हणजे मीठ पहिल्या झटक्यात बरोबर पडलं तर पडलं, नाहीतर गिळायचं.

हे तिन्ही नियम मला पाठ होते. तरी एकदा मी त्यातला तिसरा मोडला होता. त्याची गोष्ट मी पुढे वीस वर्षं चारचौघांत विनोद म्हणून सांगत आलो.

वडील गेल्यानंतरचा दुसरा म्हाळ. माझे सासरे इब्रामपूरहून सकाळीच आले होते. शेतकरी माणूस, रिकाम्या हाताने कधी आला नाही. त्या दिवशी त्यांनी अळू, दोडकी, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, आणि मातीसकट सुरण आणला होता. खतखत्यातली अर्धी भाजी त्यांच्याच मळ्यातली होती. बायको पहाटेपासून रांधत होती, चहासुद्धा न घेता. पंगत बसली. मी भाऊबंदांच्या रांगेत, सासरे माझ्यापासून तीन पानं सोडून. पहिल्याच घासाला कळलं, खतखत्यात मीठ नाही. बाकी सगळ्यांनाही कळलं असणार, पण ते जेवत होते. मी तेव्हा कमावता होतो, आणि कमावत्याची जीभ जरा लांब असते. मी पान थोडं पुढे सारलं आणि आत ऐकू जाईल असं म्हटलं, “तुज्या बापाशीच्या घरात मीठ गावणा नाय काय गे?”

दोघंतिघं हसले. ती स्वयंपाकघराच्या दारात वाढायचं भांडं घेऊन उभी होती.

सासरे उठले. भरल्या पानावरून उठू नये म्हणतात, ते उठले. मागीलदारी जाऊन त्यांनी हात धुतला, स्वयंपाकघरात गेले आणि मिठाची करवंटी घेऊन बाहेर आले. आमच्याकडे आगरवाड्याचं जाडं मीठ नारळाच्या करवंटीत ठेवायची पद्धत आहे. पहिल्या पानापासून सुरुवात करून ते प्रत्येकापुढे वाकले आणि चिमूट चिमूट मीठ वाढत आले. म्हाळाच्या पानावर मीठ वाढत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कुणी त्यांना अडवलं नाही. माझ्या पानाशी आले तेव्हा त्यांनी जरा जास्त वाढलं.

“पुरे?” त्यांनी विचारलं.

मी “पुरे” म्हटलं आणि जेवलो. पोटभर जेवलो.

ते मात्र परत पानावर बसले नाहीत. पडवीत जाऊन विडी ओढत राहिले आणि दुपारच्या बसने गेले. त्यानंतर दरवर्षी म्हाळाच्या आदल्या दिवशी ते भाजी घेऊन यायचे, पडवीत पिशवी ठेवायचे, मुलीशी दोन शब्द बोलायचे आणि पाणीही न घेता निघायचे. विचारलं तर म्हणायचे, पोट भरलां. मरेपर्यंत त्यांनी आमच्या घरात घास खाल्ला नाही. त्यांची भाजी मात्र मी दरवर्षी खाल्ली आणि ‘आमच्या सासऱ्यांनी म्हाळाला मीठ वाढलं’ ही गोष्ट लग्नांत, बारशांत, ट्रकवाल्यांच्या टपरीवर सांगून हशा मिळवला. घरी पाहुणे आले की घरीही सांगायचो. ती आतून ऐकत असायची. ऐकून हसते की नाही हे बघायला मी कधी आत गेलो नाही.

तर यंदाचा म्हाळ. मी पहाटे उठलो, आंघोळ केली, माळ्यावरची शिवराक भांडी काढून घासली. खीर, वडे, मुगागाठी, अळू, भेंडीची भाजी, तवशाची कोशिंबीर, आणि खतखतं. सुरण, कणगां, मुळा, दुधी, नीरफणस, मक्याची कणसं. सगळं एकसारखं चिरलेलं, रस दाट, तिरफळाचा वास अंगणापर्यंत. तिला कारखान्यात दुपारची पाळी होती, त्यामुळे वाढायचं काम करून ती निघणार होती. मी मनात म्हटलं, आज ही जेवूनच जाईल आणि आज ही बोलेल.

खतखत्याला उकळी आली. मी तळहातावर मीठ घेतलं आणि तेवढ्यात भटजींनी संकल्पाला हाक मारली. मी गेलो, हात धुतले, पाटावर बसलो, दर्भ, तीळ, पाणी, सगळं केलं. भटजी शिधा घेऊन निघाले आणि मी परत चुलीशी आलो. आता मीठ घातलं होतं की हातावरचं तसंच धुऊन टाकलं होतं? आठवेना. रस तसाच दाट दिसत होता, वास तसाच येत होता. दुसरा कुठलाही दिवस असता तर पळीतला थेंब जिभेवर टेकवला असता आणि गोष्ट मिटली असती. चव घेता येत नाही. पुन्हा घातलं आणि आधीच घातलेलं असलं तर सगळं खारट; नाही घातलं आणि नसलं तर सपक. पळी हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो.

ती दारात बसून केळीची पानं पुसत होती. मी विचारलं, “मी मीठ घातलां काय गे?”

“माका काय म्हायत?” तिने मान वर केली नाही. “माका तेवा कोण सांगूक हुतो?”

तेवा म्हणजे केव्हा, हे मला विचारावं लागलं नाही. आणि मग जे आठवलं ते माझ्या विनोदात कधीच नव्हतं. त्या दिवशी तीही याच चुलीशी, असंच न चाखता रांधत होती आणि मी दर पाच मिनिटांनी बाहेरून हाका मारत होतो. पाट खंय? तीळ खंय? पाणी घेवन ये. ती हातातलं टाकून प्रत्येक वेळी धावत येत होती. तिचं मीठ कुठल्या हाकेत राहिलं, देव जाणे. हाक मात्र माझीच होती.

मी मीठ घातलं नाही. घालायची हिंमत झाली नाही.

कुंपणाच्या गडग्यावर पान ठेवलं आणि कावळा लगेच आला. खीर सोडून आधी खतखत्यातच चोच घातली. माझा जीव भांड्यात पडला. पण कावळा कसली चव बघतो! पंगत बसली. मी वाढायला उभा राहणार होतो, पण चुलतभाऊ म्हणाला, राबलंस ते पुरे, आता बस. मी बसलो. ती वाढत होती.

पहिला घास मीच घेतला. गूळ लागला, आमसूल लागलं, तिरफळ लागलं, आणि मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं.

मी मान खाली घालून वाट बघितली. आता कोण बोलतो? सगळे जेवत होते. मग माझे थोरले काका, त्या वर्षी जे हसले होते त्यातले एक, माझ्याकडे बघून मायेने म्हणाले, “पुरुषाचो हात. चलता रे, इतकां केलंस तांच खूप.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. कुणी वड्यांना नावाजलं, कुणी खिरीला. चुलतभाऊ म्हणाला, मांद्र्याच्या गोऱ्यांना हे वाढलं असतं तर बिनमिठाचंच आवडतं म्हणाले असते. सगळे हसले. त्या हसण्यात मला लागेल असं काही नव्हतं. एका मिनिटात मला सगळ्यांनी माफ करून टाकलं, मी मागितलंही नव्हतं. इतकं सोपं होतं ते. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी एक म्हातारा माणूस पानावरून उठला होता आणि मरेपर्यंत परत बसला नव्हता.

ती आत गेली आणि मिठाची करवंटी घेऊन आली.

“म्हाळाक मीठ वाढनत नाय गे,” काका म्हणाले.

“ह्या घरात एकदा वाढलेलां हा,” ती म्हणाली आणि पहिल्या पानाशी वाकली.

काकांनी मान खाली घातली. आठवणाऱ्यांना आठवलं असावं. ती एकेका पानाशी वाकत, चिमूट चिमूट वाढत येत होती, तिच्या बापासारखीच, घाई न करता. माझ्यापाशी आली. तिचा चेहरा इतक्या जवळून मी किती दिवसांनी बघत होतो कोण जाणे. तिने मीठ वाढलं.

मी हळूच म्हटलं, “चुकलां माजां.”

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

“कितां? मिठाचां?”

नाही, असं मला म्हणायचं होतं. मिठाचं नाही, तुझ्या बापाचं, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण भाऊबंद बसलेले, सगळ्यांचे कान माझ्याकडे. एवढ्या माणसांत ते कसं बोलायचं? त्या दिवशीही एवढीच माणसं होती, आणि त्या दिवशी मला काही अडचण आली नव्हती.

“होय,” मी म्हटलं. “मिठाचां.”

“चलता,” ती म्हणाली आणि पुढच्या पानाशी वाकली. पंगत उठल्यावर मी तिचं पान मांडलं, तर ती साडी बदलून दारात उभी होती. बसला उशीर होतोय म्हणाली. डबा भरून देऊ काय, असं मी विचारलं. ती चप्पल घालत म्हणाली, नको, पोट भरलां.